कावळ्याला दिलेले दोन शब्द

पुष्कळ वर्षे झाली या गोष्टीला; इतकी, की ज्या डोंगराची ही गोष्ट आहे तो डोंगरही आता तेवढा उंच राहिलेला नाही.

त्या डोंगराच्या कुशीत एक गाव होते. गावातून एक वाट वर जायची, ती दोन दिवसांत तळ्याकाठच्या नगराला पोचायची. एक वाट खाली जायची, ती दोन दिवसांत समुद्राकाठच्या शहराला पोचायची.

एका वर्षी गावामागच्या डोंगराला भेग पडली. आधी तिच्यात बोट जायचे, मग हात जाऊ लागला, मग एक दिवस शेळीचे करडूच आत पडले. तेव्हा राजाने दवंडी पिटवली :

"पावसाळ्याआधी गाव रिकामं करा हो! वर तळ्याकाठी जागा आहे, खाली समुद्राकाठी जागा आहे. जिथं राहायचं तिथं आपल्या गोठ्यातली खुंटी नेऊन ठोका. एकदा ठोकलेली खुंटी उपटायची नाही. आणि वैशाख संपला की खुंटी ठोकायची नाही!"

त्या गावात दोन भाऊ राहत. दोघे अंबाडीचे दोर वळत. थोरला पाय रोवून उभा राही आणि पीळ देई. धाकटा अंबाडीच्या धाग्यांचा, म्हणजे वाखाचा, पेळू कमरेला बांधून एकेक पाऊल मागे सरकत जाई. घरात थोरल्याची बायको होती आणि चार वर्षांची मुलगी होती. धाकट्याचे लग्न व्हायचे होते. त्याचे डोके गरम, बोलणे आधी आणि विचार मागून. पण त्याचे बिघडत नव्हते, कारण घरातले सगळे थोरला ठरवायचा.

फक्त एवढे एक थोरल्याला ठरवता येईना. सोमवारी तो म्हणे, "तळ्याकाठी जाऊ. काय शांतता असते रे तिथं! माणूस स्वतःशी बोललेलं स्वतःला ऐकू येतं." आणि शुक्रवारी म्हणे, "समुद्राकाठीच जाऊ. तिथं रोज जत्रा. गलबतांना दोर लागतात, पोरीला वाळू मिळेल खेळायला."

"अरे दादा, एक काय ते सांग ना!" धाकटा चिडायचा.

"सांगतो रे. पळून चाललोय का मी?"

चैत्रात थोरल्याला ताप आला. तीन दिवस तो तापाने फणफणला आणि चौथ्या दिवशी सकाळी गेला. काही सांगितले नाही.

धाकट्याला ते समजलेच नाही. म्हणजे डोळ्यांनी दिसले, पण समजले नाही. दुसऱ्या दिवशी तो वाख कमरेला बांधून अंगणात उभा राहिला आणि मागे मागे सरकत गेला. समोर पीळ द्यायला कोणी नव्हते. वाख नुसता धुळीत लोळत गेला.

दहाव्या दिवशी नदीवर पिंड ठेवला. कावळे झाडावर बसले होते, पण एकही खाली येईना. त्या गावात अशी समजूत, की गेलेल्याची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. जवळच्या माणसाने ती ओळखायची आणि पुरी करण्याचा शब्द द्यायचा.

"दादा, वहिनीला आणि पोरीला मी सांभाळीन," धाकटा म्हणाला.

कावळा आला नाही.

"दादा, तुझ्यासारखा दोर वळीन. घाई करणार नाही."

"ते त्याला पटायचं नाही," मागून मामा पुटपुटला.

ऊन चढले. भटजी सावली शोधू लागले. कोणी म्हणाले, "अरे, जागेचं राहिलं असेल त्याच्या मनात. तेच बोल!"

 धाकट्याने हात जोडले आणि तो एका दमात ओरडला, "दादा, तळ्याकाठी राहायला जाईन! समुद्राकाठी राहायला जाईन! तुझ्या मनात असेल तिथं जाईन, पण ये रे!"

मानेवर करडे पीस असलेला एक कावळा झपकन उतरला आणि पिंडाला शिवला.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. आंघोळी झाल्या, माणसे घरी निघाली. अर्ध्या वाटेवर धाकटा थबकला. कावळा शिवला होता खरा. पण कशाला? तळ्याला, की समुद्राला?

त्याने मामाला विचारले. मामा म्हणाला, "समुद्राला. शेवटी समुद्र म्हणालास आणि तो आला." भटजींना विचारले. ते म्हणाले, "तळ्याला. पहिला शब्द तो खरा शब्द." शेजारच्या म्हातारबाबांना विचारले. ते म्हणाले, "तू मला आधी घरी जाऊन जेवू दे."

दुसऱ्या दिवशी धाकट्याने गोठ्यातली खुंटी उपटली, खांद्यावर टाकली आणि तो वर निघाला. जाताना वहिनीला म्हणाला, "मी येईपर्यंत इथून हलू नका. दादाच्या मनासारखं करायचंय."

तळ्याकाठी सकाळी धुके पाण्यावर बसलेले असे. माणसे हळू बोलत. दुपारी कोणी धुणे आपटले तर त्याचा आवाज पलीकडच्या कड्यावर जाऊन परत येई. धाकट्याला वाटले, हेच! दादा इथेच बसला असता, पाय पाण्यात सोडून. त्याने खुंटी जमिनीवर धरली, दगड उचलला. तेवढ्यात त्याला आठवले, की दादाला गर्दी लागायची. जत्रेत दादा हरवायचा आणि हसत सापडायचा. दगड खाली आला, पण खुंटीवर नाही.

तो चार दिवस चालून समुद्रावर गेला. तिथे किनाऱ्यावर पाळणे फिरत होते, ढोल वाजत होते, कोळिणी भांडत होत्या आणि भांडता भांडता गिऱ्हाईक ओढत होत्या. गरम शेंगदाण्यांचा वास होता, ओल्या जाळ्यांचा वास होता. धाकट्याला वाटले, हेच! त्याने दगड उचलला. तेवढ्यात त्याला वाटले, या गोंगाटात दादाची हाक ऐकू आली नाही तर?

मग पुन्हा वर. मग पुन्हा खाली. गावातून जाताना लोक विचारत, "काय रे, आज वर की खाली?" पोरगी दारातून ओरडायची, "काका, खुंटी ठोकली?" आणि तो मान हलवून पुढे जायचा. गावातली घरे एकेक करून रिकामी होत होती. भेगेत आता बैल उभा राहिला असता.

एकदा वहिनीने त्याची वाट अडवली. तिच्या हातात भाकरीचे गाठोडे होते.

"भाऊजी, कुठंही ठोका. पण ठोका."

"कुठंही कसं? दादाच्या मनात काय होतं ते कळायला नको?"

"आणि समजा, मी म्हटलं की..."

"वहिनी, तुम्हाला काय कळणार त्याच्या मनातलं!"

तो हे बोलून गेला, आणि बोलल्यावर त्याला बोचले. पण त्याचे पाय थांबले नाहीत. वहिनीने गाठोडे त्याच्या खांद्याला अडकवले आणि ती आत गेली.

वैशाखाचे पाच दिवस उरले होते. घाटात एका खडकावर त्याला तो कावळा दिसला. मानेवर करडे पीस होते, म्हणून त्याने ओळखला.

"ए! तू शिवलास ना माझ्या दादाच्या पिंडाला?" धाकटा ओरडला. "सांग, तळ्याच्या नावाला शिवलास की समुद्राच्या?"

त्या काळी कावळे बोलत असत, पण कोणी विचारले तरच.

"त्या दिवशी होय?" कावळा म्हणाला. "अरे बाबा, पिंडाशेजारी तुझ्या मामाचं कुत्रं बसलं होतं. तू ओरडलास तसं ते दचकून उठलं आणि पळालं. मग मी आलो."

"खोटं! दादाच्या मनात काय होतं?"

"माझ्या पोटात भूक होती, एवढं मला ठाऊक. भाताला मीठ नव्हतं. त्याच्या मनातलं मला कुठून कळणार? तू त्याच्याबरोबर वीस वर्षं जेवलास ना?"

धाकट्याने दगड मारला. कावळा उडाला. धाकटा तिथेच बसला आणि पहिल्यांदा मोठ्याने रडला. मग उठला. कावळ्याचे खरे मानले असते तर तो घराकडे गेला असता. पण खरे मानले तर कावळ्याच्या शिवण्यातून मिळालेले दादाचे शेवटचे बोलणेही गेले, आणि ते त्याला सोडवेना. म्हणून घरावरून न थांबता तो पुन्हा तळ्याकडे गेला.

तळ्याकाठी तो मांडीवर खुंटी घेऊन बसून राहिला. एक दिवस बसला, दुसरा दिवस बसला. तिसऱ्या दिवशी राजाच्या माणसाने येऊन खुंट्यांच्या मैदानाला दोरी बांधली. वैशाख संपला होता.

उतरताना पाऊस लागला, त्या वर्षी तो लवकर आला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटा गावाच्या वळणावर पोचला आणि त्याला वाटले, आपण वाट चुकलो. कारण वळणापुढे गाव नव्हते. चिखल होता, मोडकी झाडे होती, आणि जिथे त्यांचे अंगण होते तिथे घराएवढा दगड येऊन बसला होता.

तो त्या चिखलावर तुटून पडला. हातांनी उकरू लागला. वरच्या वाटेला त्याला कोणी भेटले नव्हते. म्हणजे त्या दोघी खाली गेल्या असतील, नाही तर याच मातीत असतील.

एक धनगर मेंढरे घेऊन वरच्या कड्यावर उभा होता. त्याने सांगितले, "काल सकाळी शेवटची गाडी खाली गेली. संध्याकाळी डोंगर आला."

"गाडीत एक बाई होती का? बरोबर लहान मुलगी?"

"माणसं होती. कोण ते लांबून काय दिसणार?"

उकरायचे की धावायचे? धाकटा दहा पावले खाली पळाला आणि परत येऊन उकरू लागला. 'मी येईपर्यंत हलू नका,' असे त्यानेच सांगितले होते. वहिनीने त्याचे ऐकले असेल का? त्याने आठवून पाहिले. आठ वर्षे तिच्या हातचे खाल्ले होते, पण अशा वेळी ती काय करील, हे त्याला सांगता येईना. दादाच्या मनात काय होते ते शोधत तो महिनाभर हिंडला होता. वहिनीच्या मनाकडे त्याने एकदा डोकावूनही पाहिले नव्हते.

नखे तुटेपर्यंत त्याने उकरले. मग तो धावत सुटला.

समुद्राकाठच्या शहरात त्याने दारोदार विचारले. तिसऱ्या दिवशी, जाळी विणणाऱ्या एका म्हातारीच्या पडवीत, त्याला पोरगी दिसली. ती खेकड्याला काडीने डिवचत होती. आत वहिनी जाळ्याच्या गाठी मारत होती.

धाकटा उंबऱ्यावरच बसला.  तो म्हणाला, "तुम्ही माझं ऐकलं नाहीत."

"नाही ऐकलं," वहिनी म्हणाली.

"मग इथंच कशा आलात? दादाच्या मनात समुद्र होता का? तुम्हाला बोलला होता?"

"मला काय बोलणार! सोमवारी एक, शुक्रवारी दुसरं. त्यांचं त्यांनाच ठरलं नव्हतं, भाऊजी. गाडी इकडं निघाली होती, म्हणून इकडं आले."

 मग धाकट्याने विचारले, "तुम्हाला कुठं जायचं होतं?"

वहिनीचा हात थांबला. "तेव्हा विचारलं असतंत तर सांगितलं असतं," ती म्हणाली आणि तिने पुढची गाठ मारली.

राजाचा हुकूम कोणासाठी बदलला नाही. त्यांना ना तळ्याकाठी जागा मिळाली, ना समुद्राकाठी. चार पावसाळे त्यांनी म्हातारीच्या पडवीत काढले. पाचव्या वर्षी परसातला एक कोपरा म्हातारीने त्यांना दिला. तिथे झोपडी घालायची ठरली, तेव्हा धाकट्याने चार मेढी पुरल्या आणि तो हाक मारायला गेला.

"वहिनी, दार कुठल्या बाजूला ठेवू?"

वहिनी बाहेर आली. तिने पदराने हात पुसले, चारी बाजूंना पाहिले. असे तिला आजवर कोणी विचारले नव्हते.

"थांबा," ती म्हणाली, "जरा विचार करून सांगते."

धाकटा थांबला. उन्हात उभा राहिला, पण थांबला. त्याच्या दादाच्या मनात काय होते, ते त्याला जन्मभर कळले नाही.

तात्पर्य : गेलेल्याच्या मनातले शोधत फिरण्याआधी, मागे राहिलेल्याला काय हवे ते विचारावे, कारण उत्तर फक्त तोच देऊ शकतो.