चाकांना लावलेली फक्की

एकदा एक वृद्ध आचार्य होता आणि त्याची विद्या वळणांची होती. शहरापासून दूर, एका उजाड पठारावर, मोटारींच्या शर्यतींसाठी बांधलेली एक बंदिस्त धावपट्टी होती. महिन्यातून एका रविवारी ती हौशी लोकांसाठी खुली असे. आठवडाभर कचेरीत नि बाजारात नेली जाणारी आपलीच गाडी घेऊन माणसे तेथे येत आणि कोणाला इजा न करता ती किती वेगाने चालवता येते, ते पाहत. वृद्धाने तरुणपणी शर्यती केल्या होत्या, पुढे महाविद्यालयात यंत्रशास्त्र शिकवले होते. आता तो या हौशी मंडळींना वळण कसे घ्यावे, ते शिकवी. मोबदला घेत नसे, आणि हीच गोष्ट त्याच्या एका शिष्याला पहिल्या दिवसापासून खटकत असे.

हा शिष्य व्यवसायाने लेखापरीक्षक होता. दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास न ठेवणे हा त्याचा केवळ स्वभाव नव्हता, त्यावर त्याचे घर चालत होते. जो माणूस काहीच घेत नाही, तो निश्चितच दुसरीकडून काहीतरी घेत असावा, असे त्याचे अनुभवाने घडलेले मत होते.

त्याची गाडी लहान, हलकी आणि बरीच जुनी होती. धावपट्टीवर एके ठिकाणी रस्ता आधी खोल उतरे आणि त्या खोलगटाच्या तळाशीच उजवीकडे वळे. तेथे शिष्याची गाडी बाहेरच्या अंगाला ओढली जाई. वृद्धाचा पुतण्या अगदी तशीच गाडी चालवी, आणि तो नेमका तेथेच शिष्याला मागे टाकून पुढे जाई. शिष्याने निष्कर्ष काढला, की दोष चाकांचा आहे. रुंद चाके बसवली, त्यांवर रुंद टायर चढवले, की गाडी रस्त्याला धरून राहील. एका व्यापाऱ्याकडे त्याने तशी चाके पसंत करून ठेवली आणि ते वृद्धाला सांगितले.

वृद्ध म्हणाला, "आत्ता नको. आधी ते वळण शीक. वर्ष लागेल."

"वर्ष? सर, तेवढ्यात माझी गाडी भंगारात जाईल."

"मग दुसऱ्या गाडीवर शीक. वळण कुठे पळून जात नाही."

शिष्य वरवर हसला. घरी आल्यावर मात्र पत्नीला म्हणाला, "कळलं का? मी त्यांच्या पुतण्याच्या पुढे जायला नको, एवढाच हा सगळा खेळ आहे."

"तुम्हाला अंघोळीच्या पाण्यातही कट दिसतो," पत्नी म्हणाली. "पाणी गरम असलं तरी आणि गार असलं तरी."

पुढच्याच आठवड्यात शिष्य टायरच्या त्या व्यापाऱ्याकडे गेला. व्यापारी अगत्यशील होता. त्याने रुंद चाके बसवून दाखवली, गाडी दुकानाच्या फरशीवर उभी केली आणि स्टिअरिंग आधी एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला फिरवले.

"बघा साहेब, कुठं लागतंय? हे चाकाच्या मागं बोट घालून दाखवतो. जातंय की नाही मध्ये?"

बोट खरोखरच गेले. शिष्य दोन पावले मागे सरकला आणि त्याने गाडीकडे पाहिले. रुंद चाकांवर ती एकाएकी भारदस्त दिसू लागली होती. त्याने आणखी काही विचारले नाही.

निघताना व्यापारी म्हणाला, "तुमचे सर येऊन गेले बरं का परवा. तुम्ही पसंत केलेलं चाकच मागून घेतलं आणि उलटं-सुलटं करून बघत बसले. चहासुद्धा घेतला नाही. कुणाला सांगू नका असं काही म्हणाले नाहीत, म्हणून सांगितलं."

शिष्याला एवढे पुरे होते. त्याने मनाशी ठरवले, की येत्या रविवारी नव्या चाकांवर त्या पुतण्याला त्याच खोलगट वळणावर गाठायचे. गाठले, तर गुरूचे बोलणे लबाडीचे होते हे सिद्ध होईल आणि त्याच संध्याकाळी या गुरूला कायमचा नमस्कार. ते पाहायला पत्नीही येणार होती. नुसती पाहायला नव्हे, तर शेजारच्या आसनावर, डोक्याला शिरस्त्राण बांधून.

शनिवारी संध्याकाळीच सर्व मंडळी पठारावर मुक्कामाला पोहोचली. गाड्या रांगेत लावून झाल्यावर वृद्ध शिष्यापाशी आला. नव्या चाकांकडे त्याने पाहिले, पण त्यांविषयी एक शब्द काढला नाही.

"उद्या शेजारी कोण बसणार?"

"बायको. का?"

वृद्ध तिच्याकडे वळला. "ताई, राग मानू नका, पण वजन किती आपलं?"

"नेहमी सांगते ते, की खरं?"

"खरं."

तिने सांगितले. वृद्धाने मान हलवली आणि तो निघून गेला. शिष्य त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बराच वेळ पाहत राहिला. माणूस चाकांबद्दल बोलत नाही आणि बायकोचे वजन विचारतो, यात काहीतरी काळेबेरे आहे, याविषयी आता त्याला शंका उरली नाही.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गुरु-शिष्यांच्या कथांत संशय घेणारा शिष्य बहुधा मूर्ख दाखवला जातो आणि शेवटी त्याला शासन होते. आपला शिष्य मूर्ख नव्हता. पुतण्या होता, दुकानातली फेरी घडली होती, तो विचित्र प्रश्नही विचारला गेला होता. त्याच्या हातातला प्रत्येक पुरावा खरा होता. अशा माणसाला दोष देणे सोपे नाही.

पहाटे उजाडता उजाडता शिष्य चहाच्या शोधात बाहेर पडला आणि गाड्यांच्या रांगेपाशी जागीच थबकला. त्याच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाशी वृद्ध गुडघे टेकून बसला होता. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत चाकाच्या मागे, आत गेलेला होता. त्याने हात बाहेर काढला तेव्हा तो पांढराशुभ्र होता. शेजारी एक लोखंडी घमेले होते.

"सर!"

वृद्ध दचकला. पण उठला नाही. गुडघ्यांमुळे त्याला चटकन उठता येत नसे.

"माझ्या गाडीत काय करताय तुम्ही?"

"फक्की लावतोय."

फक्की म्हणजे मैदानावर रेषा आखण्याची पांढरी पूड. धावपट्टीवरही गाड्या उभ्या करण्याच्या जागा तिनेच आखलेल्या होत्या. वृद्धाने ती पाण्यात कालवून तिचा दाट लेप केला होता.

"फक्की? चाकांच्या आत? मला काय लहान मूल समजता?" शिष्याचा आवाज चढला आणि त्याची पत्नी धावत बाहेर आली. "अगं, बघ! स्वतःच्या डोळ्यांनी बघ! पुतण्या हरेल म्हणून माझ्या गाडीला हात घातला यांनी. आणि मला म्हणतात, वर्षभर वळण शीक!"

वृद्धाने हात पुसले. "न विचारता हात घातला, ही माझी चूक. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, म्हणून विचारलं नाही. तरी चूक ती चूकच." मग गाडीच्या दाराला धरून तो सावकाश उभा राहिला. "आता एक कर. मला शेजारी बसव आणि एक फेरी मार. नेहमीच्या निम्म्या वेगाने. ब्रेकला मी काही केलं असेल, तर आपण दोघेही जाऊ."

"निम्म्या वेगाने कोणी मरत नाही, सर."

"म्हणूनच निम्म्या वेगाने म्हणतोय."

शिष्य फेरीला तयार झाला. पण तयार होणे आणि विश्वास बसणे या दोन निराळ्या अवस्था आहेत. गाडी सुरू करण्यापूर्वी त्याने ब्रेक पुनःपुन्हा दाबून पाहिला. फेरीभर त्याची एक नजर रस्त्यावर आणि एक वृद्धाच्या हातांवर होती. वृद्धाने हात मांडीवर ठेवले होते. खोलगट वळणात गाडी खाली दबली, उजवीकडे वळली, पुन्हा वर आली. काही विशेष घडले नाही. शिष्याच्या ओठांवर विजयी हसू उमटू लागले.

गाडी उभी राहिल्यावर वृद्ध म्हणाला, "आता तू वाक. मला पुन्हा वाकवत नाही. चाक आत कुठे घासलं असेल, तर तिथली फक्की पुसली गेली असेल."

शिष्याने मागची दोन्ही चाके पाहिली. आतला लेप जसाच्या तसा होता. मग पुढचे उजवे, तेही निर्दोष. तो पुढच्या डाव्या चाकाशी आला आणि त्याने विजेरी लावली. टायरच्या आतल्या कडेवर, पूर्ण गोलाकार, एक पांढरी रेघ उमटली होती. त्याच जागी ब्रेककडे जाणारी रबरी नळी होती. तिच्यावरची फक्की पुसली गेली होती आणि खालचे रबर घासून चकाकत होते.

पत्नीही वाकली. तिला यंत्रातले काही कळत नसे. "ही कसली नळी?" तिने विचारले.

"ब्रेकची," शिष्य म्हणाला.

"तुटली असती तर?"

शिष्याने त्या घासलेल्या जागेवरून बोट फिरवले. ती हळूहळू उभी राहिली. "बाजारात वांगं घेतानासुद्धा देठ उचलून बघता तुम्ही," ती म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "आणि हे घेताना नुसतं लांबून बघितलंत?"

शिष्य वृद्धाकडे वळला तो ओशाळून नव्हे, तर संतापून. "म्हणजे त्या व्यापाऱ्याने फसवलं मला!"

"नाही," वृद्ध म्हणाला. "आता नवा माणूस शोधू नकोस. त्याने फरशीवर बोट घालून दाखवलं आणि बोट गेलं. तो खोटं बोलला नाही. फरशीवर गाडी रिकामी होती, सपाट उभी होती. शेजारी माणूस बसलं, गाडी खोलगटात दबली आणि त्याच वेळी वळली, की ते बोटभर अंतर उरत नाही. म्हणून ताईंना वजन विचारलं. चाक आत किती जातं, ते बघायला दुकानात गेलो.

"आणि ऐक, मलाही ठाऊक नव्हतं. माझा संशय मागच्या चाकांवर होता. तिथे लागेल, असं मी छातीठोकपणे सांगितलं असतं आणि तोंडावर पडलो असतो. पुढच्या चाकांबद्दल मला काडीचीही शंका नव्हती. तरी लावली फक्की, कारण रुंद चाक दिसलं की म्हाताऱ्या माणसाचं नाक आपोआप मुरडतं. माझ्या त्या मुरडलेल्या नाकावरही माझा विश्वास नव्हता, म्हणून चारही चाकं तपासायची ठरवली.

"तू माझ्यावर संशय घेतलास, त्याचं मला वाईट वाटलं नाही. घ्यावाच. पण ज्याने तुला नको म्हटलं, त्याचा तू कोपरा न् कोपरा तपासलास. ज्याने हो म्हटलं, त्याचं बोटच तेवढं बघितलंस. आणि जे तुला स्वतःला हवं होतं, ते तर तपासायला घेतलंच नाहीस. फक्की एकाच चाकाला लावून चालत नाही रे."

रांगेतल्या गाड्या एकामागून एक सुरू होऊ लागल्या होत्या. पुतण्याची गाडी त्यांच्या शेजारून निघून गेली. शिष्याने तिच्याकडे पाहिलेही नाही. तो प्रवेशद्वारापाशी गेला आणि दिवसाच्या यादीतून त्याने आपले नाव काढून घेतले. तेथल्या माणसाने कारण विचारले, तेव्हा त्याने व्यापाऱ्याचे नाव घेतले नाही, गुरूचेही नाही. "नीट बघितलं नव्हतं," एवढेच तो म्हणाला.

परत आला तेव्हा वृद्ध स्वतःच्या गाडीत चढत होता. शिष्य खिडकीशी उभा राहिला.

"सर, ते वळण शिकायला वर्ष लागेल असं तुम्ही म्हणाला होतात. तेव्हा मला ते खोटं वाटलं होतं."

"आणि आता?"

शिष्याने प्रामाणिकपणे विचार केला. "अजूनही थोडं वाटतंय."

वृद्ध मोठ्याने हसला आणि त्याने शेजारचे दार आतून उघडले. "मग बस इथे. मी घेतो ते वळण. कुठे चुकतोय, ते डोळे उघडे ठेवून बघ."

शिष्य आत बसला. पट्टा बांधताना त्याने तो एकदा ओढून पाहिला. वृद्धाने ते पाहिले आणि आपलाही पट्टा ओढून पाहिला.

नकार देणाऱ्याला आपण जितके निरखतो, तितकेच होकार देणाऱ्यालाही निरखावे. आणि त्या होकाराची वाट पाहणाऱ्या स्वतःला तर सर्वांत आधी.