दगडामागचा नंबर

फार जुनी गोष्ट. एका रानात वडाच्या पारंब्यांचा झोका होता. हत्ती तो सोंडेने असा ढकलायचा, की वर गेलेल्याला डोंगरापलीकडचा समुद्र दिसायचा. त्यामुळे पहाटेपासूनच रांग लागायची.

पण उन्हात ताटकळत कोण उभं राहणार? अस्वलाने दगड ठेवून नंबर लावला आणि ते सावलीत जाऊन झोपलं. मोराने पीस ठेवलं, माकडाने केळ्याची साल. बघता बघता रांगेत नुसतं सामानच उरलं.

दुपारी एक चिमुकलं पाखरू आलं. त्याचं सगळं आयुष्य एका दिवसाचं. झोका रिकामाच होता.

"हत्तीदादा, मी बसू?"

"आधी दगडाचा नंबर आहे. त्याचा मालक येऊ दे."

"पण मला उद्याचा दिवस नाही हो!"

"सगळे असंच सांगतात. रांगेत राहा."

पाखरू सालीमागे उभं राहिलं. ऊन कललं, पण दगडाचा मालक काही आला नाही. अंधारलं तेव्हा पाखरू संपलं होतं. सालीमागे त्याचा एक पंख तेवढा उरला होता.

मग ससा आला. पंख बघून म्हणाला, "इथे कोणीतरी नंबर लावून गेलंय."

आणि त्यामागे गवताची काडी ठेवून तो घरी गेला.