पंगाऱ्याचं उसनं

सन एकोणीसशे बावन्न. फाल्गुन महिना. होळी पेटून गेली होती, राख अजून उचलली नव्हती. रानात पंगारा फुलला होता. अंगावर पान एक नाही, नुसती लाल लाल फुलं. लांबून पाहिलं तर वाटे, झाडावर पोपटांच्या चोचीच चोची बसल्यात.

त्या रानाच्या कडेला रायवी नावाची मुलगी राहायची. आई नव्हती. बाप होता, लखमा. तो बोहाड्यासाठी देवीचा मुखवटा घडवायचा. बोहाडा म्हणजे देवांचे मुखवटे घालून नाचायचा गावचा उत्सव. देवी सगळ्यांत शेवटी येते, उजाडता उजाडता. ती आली की गाव पाया पडतं, आणि मुखवटा करणाऱ्या घरी वर्षाचं धान्य पोचवतं. तो त्या घराचा मान.

त्या वर्षी जुना मुखवटा वाळवीने खाल्ला. त्यातच लखमा छपरावरून पडला आणि त्याचा उजवा हात मोडला. घरातलं तांदळाचं मडकं रिकामं झालं. महादू पाटील येऊन बसला. बोहाड्याला मुखवटा नसला तर शेजारच्या गावाहून आणावा लागेल, मग मानही तिकडेच जाईल, असं सांगून गेला. मुखवटा पंगाऱ्याच्या लाकडाचा व्हायचा, म्हणून रायवीने कोयता उचलला आणि ती रानात गेली.

फांदी तोडण्याआधी झाडाच्या बुडाशी मूठभर तांदूळ ठेवायचे आणि झाडाला विचारायचं, ही तिकडची रीत. रायवीपाशी तांदूळ नव्हते. रिकाम्या हाताने कसं विचारायचं, याची तिला लाज वाटली. तिने विचारलंच नाही. एका फांदीवर घाव घातला.

वर चिवचिवाट झाला. फांदीच्या टोकाला शिंजीर पाखराचं घरटं लोंबत होतं. इवलंसं, कोळ्याच्या जाळ्याने शिवलेलं. आत दोन पिटुकली पिल्लं चोची उघडून बसली होती.

रायवीने कोयता टाकला. ओढ्यातून ओली माती आणली, घावावर लिंपली. डोक्याचं फडकं सोडून त्यावर घट्ट बांधलं.

तेवढ्यात एका फुलातून सोनेरी धूळ उडाली. धुळीतून परी उतरली. चिमणीएवढी. पंगाऱ्याच्या पाकळीचा लाल झगा, चतुरासारखे लखलखते पंख, कपाळावर दवाचा थेंब.

"घाव तुझा आणि पट्टीही तुझीच," परी म्हणाली.

"तांदूळ नव्हते," रायवी खाली बघून म्हणाली.

"तांदूळ नसले तरी विचारता येतं, बाळे."

परीने तिला दोन मागण्या दिल्या. पण नियम होते. जे रानाचं आहे तेच मागायचं. तयार वस्तू मागायची नाही. आणि रानातून जे नेशील ते उसनं. लाकूड नेलं तर झाड परत द्यायचं.

रायवीने पहिली मागणी लगेच मागितली. पिल्लं उडेपर्यंत फांदी हिरवी राहू दे. परीने फडक्यावर फुंकर घातली. फांदी तरारली.

दुसऱ्या मागणीला ती बापाचा हात मागणार होती. परीने मान हलवली. हाड रानाचं नाही, ते आपल्या वेळेने जुळेल.

रायवीने बराच विचार केला. मग म्हणाली, "बा म्हणतो, देवी लाकडातच असते. मला ती दिसू दे."

"दिसेल. पण दिसेस्तोवर पटाशी उचलायची नाही."

परीने गवतात बोट दाखवलं. मागच्या पावसात पडलेला पंगाऱ्याचा एक ओंडका तिथे होता. वाळलेला, कापसासारखा हलका, कुठे कीड नाही.

रायवी ओंडका घेऊन घरी आली आणि अंगणात त्याच्यासमोर बसली. रोज बसायची. ऊन पांढरं व्हायचं, पिवळं व्हायचं, केशरी व्हायचं. ती नुसती त्यावर हात फिरवायची. लखमा शेजारी बसायचा. त्याने एकदाही घाई केली नाही. त्याचा बापही असाच बसायचा.

चैत्र लागला. महादू पाटील पुन्हा आला. बघत उभा राहिला.

"लखमा, तुझी पोर लाकूड उबवते का रे?"

"होय," लखमा म्हणाला. "फुटलं की बोलावतो."

पाटील हसत गेला. रायवी हसली नाही. तिच्या बोटाखाली ओंडक्याला एक फुगीर जागा लागली होती. तो गाल होता. गालाच्या वर खळगा होता, तिथे डोळा होता. मधली गाठ म्हणजे टिळा. सगळं होतंच, फक्त वरचं लाकूड काढायचं होतं.

तिने पटाशी उचलली.

लखमा डाव्या हाताने दाखवी, ती कोरी. मग गेरूचा तांबडा लावला, हळदीचा पिवळा, चुन्याचा पांढरा. डोळे शेवटी. काजळी भिजवली तेव्हा लखमाने उजवा हात गळ्यातल्या झोळीतून काढला. बोटांत काडी धरली गेली. एक डोळा त्याने रेखला, एक तिने.

बोहाड्याला देवी उजाडताना आली. पूर्वेला गुलाबी झालं होतं. ढोल थांबला. देवीने मान वळवली आणि बायका म्हणाल्या, ही आपल्याकडेच बघते. महादू पाटलाने टोपी काढली. दुपारी त्याने स्वतः तांदळाचं पोतं लखमाच्या दारात उतरवलं.

"उबवलंस खरं, पोरी," तो म्हणाला.

रायवीने मडकं भरलं. त्यातले मूठभर तांदूळ वेगळे बांधले आणि ती रानात गेली. घरटं रिकामं होतं, पिल्लं उडून गेली होती. फडक्याखालची फांदी आता सुकायला लागली होती. तिने बुडाशी तांदूळ ठेवले.

"नेऊ का?" तिने विचारलं.

वारा नव्हता, तरी एक लाल पाकळी तिच्या हातावर पडली. तिने फांदी उतरवली. टोकाकडचा सुकला भाग छाटला, हिरवा ठेवला. ओंडका जिथे सापडला होता तिथे खड्डा केला आणि फांदी रोवली. रोज ओढ्यातून पाणी आणून घातलं.

आषाढात फांदीला कोंब आला. हिरवागार, तीन पानांचा. पानावर परी बसली होती. तिने रायवीच्या कपाळाला बोट लावलं. मग परी उजळली, आधी लाल, मग सोनेरी, मग नुसता उजेड. उजेड पानात मुरला.

उसनं फिटलं.