शेवंतीची त्रेचाळीस फुलं

एका शहरात एक हार करणारी बाई होती, आणि ती फार भित्री होती. अंगावर पाल पडली तरी तिला काही वाटायचं नाही, अंधारालाही ती जुमानायची नाही. तिची भीती वेळेची पक्की होती. रोज सकाळी पावणेसातला यायची आणि साडेसातला जायची.

ती ज्या कोपऱ्यावर टोपली घेऊन बसायची तिथे पाच रस्ते एकत्र येत. त्यातला एक टेकडीवरून उतरायचा आणि त्याच्यावरून खडीचे ट्रक यायचे. चौकाच्या अलीकडे वस्ती होती, पलीकडे शाळा. वस्तीतली मुलं सायकलवरून शाळेला जायची. रस्ता सगळ्यांचा असतो असं त्या शहरात सगळे म्हणत. खरं तर ज्याची चाकं मोठी, त्याचा तो असायचा.

दोन वर्षांपूर्वी त्या चौकात एका दूधवाल्याची सायकल ट्रकच्या चाकाखाली गेली. दूधवाला वाचला, पण त्याचा पाय गेला. हारवालीने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. फुलांवर झाकायचं ओलं फडकं तिनेच त्याच्या पायाला गुंडाळलं होतं. त्या दिवसापासून रोज सकाळी ही भीती यायला लागली.

पण नुसतं घाबरून बसेल ती हारवाली कसली. तिने शेजारच्या शिंप्याला गाठलं, शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या मास्तरांना गाठलं. शिंप्याने स्वतःच्या दुकानातलं लाल कापड काढून तीन झेंडे शिवले. तिघं तीन बाजूंना उभे राहायला लागले. उताराचं तोंड हारवालीने घेतलं. मुलं आली की झेंडा वर, ट्रक थांबला की मुलं पार. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं, कोणी त्यांना काही देत नव्हतं.

हारवालीची मोजायची एक रीत होती. वस्तीतून रोज त्रेचाळीस सायकली निघत. ती ओच्यात शेवंतीची त्रेचाळीस फुलं घेऊन उभी राहायची. एक सायकल पलीकडे पोहोचली की एक फूल टोपलीत टाकायची. एखादं मूल आजारी असलं तर त्याच्या शेजारचं मूल ओरडून सांगायचं, "मावशी, आज बंडू नाही," आणि ती एक फूल आधीच काढून ठेवायची. ओचा रिकामा होईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागलेला असे. शेवटचं फूल बहुतेक तिच्या नातीचं, वेणूचं असायचं. वेणू आजीकडेच राहायची आणि रोज वेणी घालताना उशीर करायची.

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस," रिक्षावाले हसायचे. "मावशी, झालं ना एकदा, किती दिवस उभी राहणार?"

"पट्टी होईपर्यंत," ती म्हणायची.

पट्टी म्हणजे सायकलींसाठी रस्त्याच्या कडेची वेगळी वाट, तिला दगडी कठडा आणि उताराच्या तोंडाशी एक सिग्नल. एवढंच मागणं होतं. ते तिघं नगराच्या कारभाऱ्याकडे अर्ज करत होते आणि अर्ज कुठल्यातरी कपाटात सुखाने झोपत होते.

आता मास्तरांचं ऐका. मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं, आणि ज्याचं अक्षर चांगलं त्याला लिहिल्यावाचून चैन पडत नाही. त्यांनी चौकात एक फळा टांगला आणि त्याच्यावर ते रोज रंगीत खडूने लिहायला लागले, "आज एवढ्यावा दिवस. चौकात कोणाला साधं खरचटलेलंही नाही." सहाशे दिवस झाले तेव्हा वस्तीत साखर वाटली. सहाशे अकराव्या दिवशी मास्तरांना वाटलं, एवढं मोठं काम झालंय, कारभाऱ्याला कळायला नको का? म्हणून त्यांनी नव्या अर्जाच्या अगदी वरच तो आकडा घातला, खाली दोन रेघा मारून.

आठ दिवसांत उत्तर आलं. आजवर कधीच एवढ्या लवकर आलं नव्हतं. "सदर चौकात सहाशे अकरा दिवसांत एकही अपघात झालेला नसल्याने चौक सुरक्षित असल्याचे दिसून येते. सबब पट्टीची आवश्यकता नाही. कडेची जागा मोटारी उभ्या करण्यास देण्याचे योजिले आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मास्तर तो कागद हातात धरून कितीतरी वेळ फळ्याकडे बघत उभे राहिले. एकदा मोटारी त्या कडेला उभ्या राहिल्या की त्या हलणार नव्हत्या, आणि मुलांना आणखी आत, थेट ट्रकच्या वाटेतून जावं लागणार होतं. हारवालीला दोन रात्री झोप लागली नाही.

तिघांनी जाऊन कारभाऱ्याच्या दारात बैठक मारली. कारभारी वाईट माणूस नव्हता. तो फक्त मोटारीतून फिरायचा, आणि मोटारीच्या काचेतून सायकल फार लहान दिसते. तो म्हणाला, "गुरुवारी सकाळी मी स्वतः येऊन बघतो. धोका दिसला तर पट्टी, नाही दिसला तर मोटारी. मग पुन्हा माझ्याकडे यायचं नाही."

बुधवारी संध्याकाळी शिंप्याच्या दुकानात तिघं बसले. शिंप्याने मशीनवरचा पाय काढला आणि म्हणाला, "उद्या आपण झेंडे घ्यायचे नाहीत."

"म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

"रोज आपण झाकतो, म्हणून त्याला दिसत नाही. एक दिवस उघडं पडू दे. ट्रक कसे येतात, मुलं कशी सापडतात, बघू दे त्याला. कोणी मरणार नाही हो. एखाद्याचा गुडघा फुटेल, आणि पट्टी होईल."

चूक मास्तरांच्या हातून झाली होती, त्यामुळे नाही म्हणायची त्यांना सोय नव्हती.

"कुणाचा गुडघा, शिंपीदादा?" हारवाली म्हणाली. "नाव सांगा ना."

शिंपी खाली बघून दोरा ओवायला लागला. मग हळूच म्हणाला, "आक्का, तू वेणूला उद्या घरी ठेव. आपल्यापुरतं झालं."

खोटं कशाला सांगा, हारवालीला ते पटलं. भीतीने पोखरलेल्या माणसाला सुटकेचं एवढंसं दार दिसलं तरी तो त्यात घुसतो. घरी येऊन तिने वेणूला सांगितलं, "उद्या शाळेला जायचं नाही."

"का?"

"तुला ताप आहे."

वेणूने स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला. "नाहीये," ती म्हणाली.

"येईल," आजी म्हणाली आणि सकाळची फुलं निवडायला बसली.

सवयीने तिने त्रेचाळीस शेवंती मोजून एका ताटात ठेवल्या. मग वेणूचं एक फूल काढलं. ताटात बेचाळीस राहिली. तिने ताट जवळ ओढलं. हे बंडूचं, ज्याचा ब्रेक लागत नाही. हे त्या दोघी बहिणींचं, ज्या एकाच सायकलवर येतात आणि म्हणून त्यांचं एकच फूल. हे त्या दूधवाल्याच्या मुलाचं, जो चौकात आला की बापाचा पाय गेला त्या जागेकडे बघत नाही. बेचाळीस फुलं होती आणि बेचाळीसही कोणाच्या ना कोणाच्या घरची होती. तिला स्वतःची फार लाज वाटली. आपण चोरासारखं एकच आपलं तेवढं उचलून आणलं, असं तिला वाटलं.

तिने वेणूचं फूल परत ताटात ठेवलं.

"ताप गेला," ती म्हणाली. "उद्या शाळा आहे. आणि वेणी आज रात्रीच घालून झोप."

गुरुवारी सकाळी कारभारी मोटारीतून आला. पाठोपाठ वही घेतलेला कारकून आला आणि खुर्ची घेतलेला शिपाई आला. खुर्ची पिंपळाच्या सावलीत मांडली. शिंपी आणि मास्तर रिकाम्या हातांनी पदपथावर उभे होते. तेवढ्यात हारवाली ओच्यात फुलं घेऊन आली, टोपलीखालून झेंडा काढून उताराच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

"आक्का, घात केलास," शिंपी दातओठ खात म्हणाला.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, शिंप्याकडे पाहिलं, आणि ते दुकानात जाऊन दोन झेंडे घेऊन आले. एक स्वतः घेतला, एक शिंप्यापुढे धरला. पहिली सायकल चौकात शिरत होती. शिंप्याने शिवी हासडली आणि झेंडा घेतला. बघत उभं राहणं त्यालाही जमणारं नव्हतं.

मग रोजच्यासारखंच झालं. झेंडा वर, ट्रक उभा, मुलं पार. पाच गेली, दहा गेली, वीस गेली. कारभाऱ्याने जांभई दिली. "छान चाललंय की," तो कारकुनाला म्हणाला. "सुंठीवाचून खोकला गेला. लिहून घ्या."

हारवालीने ते ऐकलं. तिचे हात कापायला लागले. सगळं हातातून चाललं होतं, आणि ते आपल्याच हातांनी चाललं होतं. उतार क्षणभर मोकळा होता. ती तशीच खुर्चीपाशी गेली.

"साहेब, माझं एक काम कराल? माझे हात बघा कसे कापतायत. तेवीस मुलं राहिलीत. तेवढी तुम्ही काढून द्या. मी तुमच्या शेजारीच उभी राहते."

सगळ्यांच्या देखत एक म्हातारी कापऱ्या हातांनी झेंडा पुढे करते आहे, त्याला नाही कसं म्हणणार? कारभारी हसत उठला. शिपाई पुढे झाला तर त्यालाही त्याने मागे सारलं. हारवालीने त्याला उताराच्या तोंडाशी उभं केलं आणि त्याचं कोपर घट्ट धरून ठेवलं.

पहिला ट्रक दिसला तेव्हा कारभाऱ्याने ऐटीत झेंडा वर केला. ट्रक थांबला नाही. म्हणजे थांबत होता, पण उतारावरचा भरलेला ट्रक सांगितल्याबरोबर थांबत नसतो. डाव्या बाजूने बंडू निघाला होता. तो ट्रककडे बघतच नव्हता, तो झेंड्याकडे बघत होता. झेंडा वर आहे म्हणजे रस्ता आपला, एवढंच त्याला सहाशे दिवसांत शिकवलं गेलं होतं.

"दुसरा हात आडवा करा, मुलाला थांबवा," हारवाली त्याच्या कानाशी म्हणाली आणि त्याचं कोपर मागे खेचलं.

कारभाऱ्याने हात आडवा केला. बंडू पाय टेकून थांबला. ट्रक करकरत चार पावलांवर येऊन उभा राहिला, आणि त्याच्या इंजिनाची गरम हवा कारभाऱ्याच्या तोंडावर आली. त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं.

बंडू पार झाला. हारवालीने एक फूल टोपलीत टाकलं.

"किती राहिले?" कारभाऱ्याने विचारलं.

"बावीस."

पुढच्या ट्रकला त्याने फार लवकर झेंडा केला, त्याच्या पुढच्याला दोन्ही हातांनी. प्रत्येक सायकलीनंतर तो विचारायचा, "किती राहिले?" आणि ती ओच्यात बघून सांगायची. त्याच्या सदऱ्याची पाठ भिजली. एक मोटारवाला त्याला न ओळखल्यामुळे खिडकीतून बरंच काही बोलून गेला. कारकून पेन हातात धरून नुसता बघत होता.

"किती राहिले?"

"एक, साहेब."

शेवटची वेणू आली. वेणी रात्रीच घातली होती, तरी उशीर झालाच होता. चौकाच्या बरोबर मध्यावर तिच्या सायकलची चेन पडली. ती खाली उतरली आणि बसून चेन लावायला लागली. उतारावर एक ट्रक आणि त्याच्यामागे दुसरा. हारवालीच्या हातून कारभाऱ्याचं कोपर सुटलं.

पण कारभारी तिच्या सांगण्याची वाट बघत नव्हता. तो झेंडा आणि दोन्ही हात पसरून थेट ट्रकच्या पुढे जाऊन उभा राहिला आणि पोर चेन लावून, हात फ्रॉकला पुसून, सायकलवर बसून पलीकडे जाईपर्यंत जागचा हलला नाही. पलीकडे पोहोचल्यावर वेणूने आजीला हात केला.

हारवालीने शेवटचं फूल टोपलीत टाकलं. कारभारी परत आला तो खुर्चीवर बसला नाही. तिच्या टोपलीशेजारी फुटक्या फरशीवर बसला. तिने त्याला तांब्यातलं पाणी दिलं.

"ही तुमची नात?" त्याने विचारलं.

"शेवटची ती माझी. बाकीचीही माझीच म्हणा."

"आणि हे रोज?"

"रविवारी सुट्टी असते," ती म्हणाली.

कारभारी फळ्याकडे गेला. तिथे मास्तरांच्या सुंदर अक्षरात सहाशे तेवीस लिहिलेलं होतं. चार दिवसांपूर्वी असल्याच आकड्याच्या जोरावर त्याने नकार दिला होता. त्याने तो दोनदा वाचला. मग कारकुनाला म्हणाला, "आधी लिहिलंय ते खोडा. चौक सुरक्षित नाही. ही तीन माणसं आहेत म्हणून मुलं सुरक्षित आहेत. त्यातल्या एकाला जरी उद्या ताप आला तर काय करायचं? पट्टी करा."

शिंपी नाक ओढून दुसरीकडे बघायला लागला. घरी जाताना त्याने हारवालीची टोपली उचलून घेतली.

पावसाळ्याआधी पट्टी झाली, कठडा झाला, सिग्नल लागला. आणि त्या शहरात एक नवी रीत पडली. कुठल्याही चौकाला 'आवश्यकता नाही' असं लिहिण्याआधी लिहिणाऱ्याने तिथे एक सकाळ झेंडा घेऊन उभं राहायचं. तेव्हापासून तसं लिहिणारे फार थोडे निघतात, असं म्हणतात.

हारवाली अजून त्याच कोपऱ्यावर बसते. आता तिला उभं राहावं लागत नाही, तरी पावणेसात वाजले की ती ओच्यात फुलं घेते. "आजी, आता कशाला मोजतेस?" वेणू विचारते.

"तू जा, उशीर होतोय," आजी म्हणते आणि ती पलीकडे पोहोचेपर्यंत शेवटचं फूल हातातच धरून ठेवते.

तात्पर्य एवढंच: टळलेलं संकट कोणाला दिसत नाही, म्हणून ते नव्हतंच असं समजू नये. ते बघायचं असेल तर टाळणाऱ्याच्या जागी घटकाभर उभं राहावं. आणि ते दुसऱ्याला दाखवण्यासाठी कोणाच्या लेकराचा गुडघा पणाला लावू नये.