दोन्ही चपला डाव्या

राजा अमरभानाने आठ दिवस खपून स्वतःच्या हातांनी चपलांचा जोड शिवला, आणि दोन्ही चपला डाव्या पायाच्या झाल्या!

एक डाव्या पायात झकास बसली. दुसरी उजव्या पायात घातली, तर अंगठ्याच्या वादीत करंगळी जाऊन बसली आणि अंगठा बाहेर वारा खात राहिला.

"अक्का," राजा कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "माझा उजवा पाय सुजलाय का गं?"

शेवंताक्का म्हणजे राजवाड्याच्या चपला करणारी पन्नाशीची कारागीर. राजाला कातडीकामाची हौस आली, तेव्हा शिकवायला तिलाच बोलावलं होतं. हौस कसली, साडेसातीच ती! पहिल्या दिवशी तिने सांगितलं, "महाराज, पाठीचं कातडं घ्या, पोटाचं ढिलं असतं." राजाला पोटाचंच मऊ लागलं. दुपारपर्यंत पट्टा ताणून ताणून उंटाच्या वेसणीएवढा झाला! दुसऱ्या दिवशी म्हणाली, "भिजवलेलं कातडं सावलीत वाळवा." राजाने ते भर उन्हात टाकलं. संध्याकाळी त्याचा पापड झाला, प्रधानाने उचलताच कडकन मोडला. तिसऱ्या दिवशी टाके घालता घालता राजाने चपलेबरोबर स्वतःचं धोतरही शिवून टाकलं. तो उठला, तर चप्पलही उठली!

"कातडं म्हणजे कणीक नव्हे, महाराज!" अक्का रोज कानीकपाळी ओरडायची. "एकदा कापलं की परत मळता येत नाही. आधी कागदावर पाऊल काढा, कागद कापा, मगच कातड्यावर रापी चालवा. आणि दुसऱ्या पायासाठी तोच कागद पालथा घाला!"

राजाने कागद कापला खरा. पालथा घालायचं तेवढं राहून गेलं.

आता खरं सांगणं भाग होतं. अक्का म्हणाली, "पाय ठणठणीत आहे, महाराज. चपला दोन्ही डाव्या आहेत."

"छे छे छे!" प्रधान त्र्यंबकपंत पुढे धावले. "महाराजांच्या हातून चूक? मी घालूनच दाखवतो!"

पंतांनी चपला चढवल्या आणि ऐटीत निघाले. दोन्ही पाय डावीकडेच वळायला लागले. पंत खांबाभोवती फिरले, पुन्हा फिरले, आणि कातडं भिजत घातलेल्या कुंडीत धप्पकन पडले! आतून आवाज आला, "अगदी मापात आहेत, महाराज!"

पहारेकरी फिदीफिदी हसले. राजा लालबुंद झाला.

"माझ्या कामात चूक नाही!" तो गरजला. "आणि अक्का, उद्या भर दरबारात ते तूच पटवून द्यायचंस! कुठे कापायचं नाही, टाका उसवायचा नाही, खोटं बोलायचं नाही. माझ्या हातच्या चपलेवर मी सिंहासनापर्यंत सरळ चालत गेलो पाहिजे. आणि दोन्हींतली एकही फुकट जाता कामा नये! नाहीतर तुझी हत्यारं जप्त, आणि तू राज्याबाहेर!"

अक्का घरी आली ती पडेल चेहऱ्याने. तिची भोकं पाडायची आरी सासूची होती, कापायची रापी तीस वर्षांची. ही हत्यारं गेली तर तिचा हातच गेल्यासारखा!

नवऱ्याने, कोंडिबाने, सगळं ऐकून डोकं खाजवलं. "राजाचा उजवा पाय डावा करायचा म्हणजे तुझं काम नाही बाई, वैद्य बोलाव!"

रडू येत असतानाही अक्काला हसू फुटलं. आणि हसता हसता ती एकदम थांबली. "पाय कशाला बदलायचा? काढा ते पाठीचं चांगलं कातडं!"

दुसऱ्या दिवशी दरबार खचाखच भरला. अक्का झाकलेलं तबक घेऊन उभी राहिली.

"महाराज, नवशिका कारागीर एका वेळी किती जोड करतो?"

"एक."

"आणि मुरलेला?"

"मला काय ठाऊक!"

"मुरलेला आधी सगळ्या डाव्या करतो, मग सगळ्या उजव्या. हात एका वळणावर बसला की काम झपाझप होतं. या चपलांना एक जोड म्हटलं, तर चूक. दोन जोडांची सुरुवात म्हटलं, तर चूक कुठाय?"

तिने तबकावरचं फडकं काढलं. आत दोन उजव्या चपला, तिच्या हातच्या!

राजाने आपल्या दोन्ही डाव्यांना हात लावून पाहिला. कापलेलं नाही, उसवलेलं नाही! त्याने एक आपली, एक तिची अशी चढवली आणि सिंहासनापर्यंत तीरासारखा सरळ चालत गेला. दरबाराने टाळ्या वाजवल्या.

पण हट्टी तो हट्टीच! बसल्या बसल्या तो ओरडला, "थांब! मला पाय दोनच. मग दुसरी डावी फुकट गेली की नाही?"

"गेलीच!" त्र्यंबकपंत म्हणाले.

"कशी जाईल?" अक्का म्हणाली. "रोज एकच जोड रगडला, की घामाने कातडं कुजतं. आज घातलेली चप्पल उद्या तेल पाजून सावलीत ठेवायची. कातड्यालासुद्धा एक दिवसाआड रजा लागते, महाराज!"

"रजा?" राजा ताडकन उठला. "बारा वर्षांत मला एक दिवस रजा नाही, आणि चपलेला एक दिवसाआड?"

"म्हणून तर चपला मऊ राहतात, महाराज!"

पंतांनी डोळे मिटून घेतले. राजाने अक्काकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं, आणि असा खो खो हसत सुटला की मुकुट घरंगळून पायऱ्यांवर गेला!

"अक्काला पाठीच्या चांगल्या कातड्याचे वीस नग द्या!" तो डोळे पुसत म्हणाला. "आणि राजवाड्याच्या थोरल्या दारापाशी कायमचं दुकान द्या! आणि पंत, दरबार बरखास्त. आज राजाला रजा!"