मोगऱ्याच्या पाण्यात न्हालेली करडे

पूर्वी गोदेच्या खोऱ्यात महाबल नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका लहान शेतकऱ्याच्या घरी जन्मला होता. टेकडीखाली थोडी जिरायती जमीन, बोराटीचे कुंपण आणि आत सहा शेळ्या, एवढाच त्याचा संसार. गावात त्याचे फारसे नाव नव्हते. हा माणूस शेळ्यांवर कधी काठी उगारत नाही, इतकेच लोक सांगत, आणि तेही हसत हसत सांगत. शेळी म्हणजे काय चीज आहे हे ज्याने पाळली त्यालाच ठाऊक, तेव्हा हसणाऱ्यांचेही फार चुकत नव्हते.

त्याची पत्नी उत्तरा. बाई कष्टाळू, स्वभावाने फटकळ. रागावली की तिचा आवाज नदीपलीकडे ऐकू जाई. मुलाचे लग्न नुकतेच झाले होते आणि सून सुमना माळ्याच्या घरची होती. फुलांत वाढलेल्या त्या मुलीने शेळी जवळून पाहिली ती सासरी आल्यावरच.

आदल्या वर्षी रोगाने निम्मी शेळ्या-करडे दगावली होती. त्यामुळे तांबी नावाची शेळी गाभण राहिली तेव्हापासून सगळ्या घराचे डोळे तिच्याकडे लागले होते.

माघ महिन्यातल्या एका सकाळी सगळे खळ्यावर मळणीला गेले होते आणि सुमना एकटीच घरी होती. दिवस भरायला अवकाश आहे असे सर्वांनी धरले होते. तांबीने तसे धरले नव्हते. ती त्याच सकाळी व्याली आणि तिला दोन करडे झाली. ती बुळबुळीत, रक्ताने माखलेली, थंडीने कुडकुडणारी पिल्ले पाहून सुमनेचे काळीज हलले. माहेरी नव्या बाळाला सुगंधी पाण्याने न्हाऊ घालीत. तिनेही पाणी कोमट केले, त्यात मोगऱ्याचे अत्तर टाकले आणि दोन्ही करडे स्वच्छ धुऊन पुसली. मग मोठ्या कौतुकाने ती आईपुढे ठेवली.

तांबीने त्यांना हुंगले, एक शिंक दिली आणि शिंगाने दोघांनाही दूर लोटले.

दुपारी घरचे परतले तेव्हा करडे कोपऱ्यात क्षीण आवाजात ओरडत होती. शेळी आपले पिल्लू डोळ्यांनी ओळखत नाही, वासाने ओळखते. तो वास पाण्याबरोबर वाहून गेला होता. पहिला चीक पोटात गेला नाही, तर पिल्ले संध्याकाळ पाहणार नाहीत हे उघड होते. उत्तरेने कपाळाला हात लावला आणि मग तोंड सोडले. ही पोर घराला लाभत नाही, उद्याच हिला माहेरी पोहोचवा, करडे जाणारच आहेत तर निदान तांबीचे दूध तरी विकू, असे ती एका दमात बोलून गेली. सुमना खांबाला टेकून उभी होती.

बोधिसत्त्वाने आधी जाणत्यांचा उपाय केला. करडांच्या अंगाला मीठ चोळले, म्हणजे आई चाटू लागते. तांबीने एकदा चाटले. खालचा मोगरा नाकाला लागताच तिने पुन्हा धडक दिली. करडांना तिचा वास लावावा म्हणून व्याल्यावर पडलेली वार शोधावी, तर ती कुत्र्याने केव्हाच पळवली होती.

मग त्याच्या मनात आले की धुण्याआधी पोरीने करडे कशाने तरी पुसली असतील आणि त्याला तो वास अजून असेल. त्याने विचारले. सुमना गप्प. उत्तरेने तेच मोठ्याने विचारले, तशी ती आणखी गप्प झाली. बोधिसत्त्वाला उमगले की हिला काहीतरी माहीत आहे आणि भीतीने ते अडवून धरले आहे. ओरडून ते बाहेर येणार नव्हते.

तो गोठ्याच्या उंबऱ्यावर बसला. करडांचा आवाज बारीक होत चालला होता, तरी तो घाई न करता बोलला.

"उत्तरे, आपल्या लग्नाच्या वर्षी तुझ्या वडिलांनी दिलेल्या शेळीची दोन करडं गेली. आठवतं?"

"कोल्ह्यानं नेली ती."

"तुम्ही सगळ्यांनी तसं मानलं आणि मी ते खोडलं नाही. थंडी फार होती म्हणून मी ती रात्रभर चुलीपाशी ठेवली. धुराच्या वासानं आईनं नाकारली. मला लाज वाटली, म्हणून मी कुणालाच बोललो नाही आणि मेल्यावर पुरून टाकली. माझ्या सासऱ्यांना विचारलं असतं तर त्यांनी वाचवली असती. सुमने, ती धुरानं मेली नाहीत पोरी. मी गप्प बसलो म्हणून मेली."

इतक्या वर्षांनी हे ऐकून उत्तरा थक्क झाली. तिचा राग जागच्या जागी थांबला.

सुमना खांबापासून दूर झाली. कडब्याच्या गंजीत हात खुपसून तिने एक बोळा बाहेर काढला. "मामंजी, मला दुसरं काही सापडलं नाही," ती कशीबशी म्हणाली. तो सासूने लग्नात दिलेला शेला होता. त्यावर रक्ताचे आणि चिकट डाग पडले होते, आणि तो अजून ओला होता.

उत्तरेने शेला ओळखला. घरातले सगळ्यांत किमती वस्त्र होते ते. तिने तो हातात घेतला, नाकाशी नेला, आणि कुणी काही म्हणण्याआधी करडाजवळ बसून त्याच शेल्याने त्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत चोळू लागली. दुसरे करडू सुमनेने घेतले.

तांबीने पुढे येऊन हुंगले. पुन्हा हुंगले. मग घशातल्या घशात हलकेच हुंकार देऊन ती चाटायला लागली. थोड्या वेळाने धडपडत एक करडू कासेला लागले, मग दुसरे, आणि दोघांच्या शेपट्या थरथर हलू लागल्या. सगळ्या घराचा जीव भांड्यात पडला. सुमना आता कुठे रडली, आणि तिच्या पाठीवर सासूचा हात होता.

"शेला इतक्यात धुऊ नकोस," उत्तरा म्हणाली, "संध्याकाळी पुन्हा लागेल."

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, विहारात सांगितली, त्याला कारण घडले होते. सुदंत नावाच्या नव्या भिक्षूने सेवेच्या उत्साहात स्थविर भद्दसीलांची औषधी मुळे पाण्याने धुतली. ती बुरसली, आणि स्थविरांच्या रागाला भिऊन तो ते लपवून बसला होता. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळची सुमना म्हणजे हा सुदंत. उत्तरा म्हणजे हे भद्दसील. आवाज तोच आहे आणि हातही तोच आहे. तांबी म्हणजे आपल्याला रोज भिक्षा घालणारी उपासिका, जी नव्या माणसाला आधी नीट न्याहाळते आणि मगच वाढते. तो शेतकरी मीच होतो. चुकलेल्याची भीती आधी काढावी, त्यासाठी आपली लाज उघडी करावी लागली तरी करावी. याला अभयदान म्हणतात."

स्थविर भद्दसीलांनी सुदंताला जवळ बोलावले आणि उरलेली मुळे कुठे ठेवली आहेत, ते हळू आवाजात विचारले.