कानात मंत्र फुंकून मिळण्याबाबत

विषय : कानात गुरुमंत्र फुंकून मिळण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराची गेले तीन पावसाळे चाललेली तोंडी विनंती.

"...ते सगळं खरं. पण वाऱ्यानं नक्की केलं काय?" आबाबुवांनी विचारलं.

अर्जदार प्राध्यापक निशिकांत तेंडोलकर मठाच्या ओट्यावर धापा टाकत उभे होते. पायांना वाळू, हातात हिरव्या पाण्याची बाटली. या एका प्रश्नाचं उत्तर दिलं की मंत्र, अशी बुवांची अट होती. बुवा पूर्वी कचेरीत होते. संसार सुटला, भाषा तेवढी सुटली नाही.

"बुवा, समुद्र हिरवा झालाय! मी म्हटलं होतं तस्सा!"

"इथून दिसतोय. वाऱ्याचं सांग."

"वारा उत्तरेकडून किनाऱ्याच्या कडेकडेनं वाहतो. पण पृथ्वी फिरते ना! म्हणून वरचं पाणी त्याच्या मागे न जाता उजवीकडे, भर समुद्रात सरकतं. त्याची जागा घ्यायला तळाचं गार पाणी वर येतं. त्यात खत, वरून ऊन... की माजल्याच डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती! त्यांच्यावर तारली मासळी, तारलीवर..."

"तुझं जेवण नंतर. वाऱ्यानं आणलं काय?"

"काहीच नाही!" प्राध्यापक जवळजवळ ओरडलेच. "त्यानं नुसतं नेलं! खत तळाशी होतंच!"

या विषयावर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला होता. इतकं सोपं वाक्य त्यात कुठेही नव्हतं.

"उत्तर मान्य. कान कर इकडे."

तीन पावसाळ्यांनंतर! प्राध्यापकांनी टोपी काढली, डोळे घट्ट मिटले.

बुवा वाकले.

फूऽऽ.

नुसती फुंकर. पुढे शब्द नाही...

प्राध्यापकांनी थोडी वाट पाहिली. मग एक डोळा उघडला.

"बुवा... मंत्र?"

"वाऱ्यात खत होतं का रे?"

खाली खडकावर लाट फुटली. जन्मात पहिल्यांदाच प्राध्यापकांजवळ बोलायला काही नव्हतं. आत खोल कुठेतरी काहीतरी गार हललं, वर येऊ लागलं...

"पण बुवा," ते म्हणाले, "शास्त्रीयदृष्ट्या पाहिलं तर..."

बुवांनी पेजेचा वाडगा पुढे ओढला.

"वरचं पाणी परत आलं. अर्ज प्रलंबित."